उलट्या हाताला लागलेला रंग

साहेब, तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं तेव्हा मी पुढे झाले आणि तुमच्या कपाळाला उलटा हात लावला. पाया पडायचं सोडून ही बाई ताप काय बघतेय, अशा नजरेने तुमच्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मला काही सुचत नव्हतं आणि हात आपोआप तसा गेला. तुमच्या हाताखाली मी दीडच वर्ष काम केलं, पण तेव्हापासून माझा हात कुठल्याच गोष्टीला आधी सरळ लागत नाही. फ्रीज, लिफ्टचं दार, कुणाच्याही शटरची कडी, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू. तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो, उलट्या हाताला लागला तर हात मागे फेकला जातो, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्याच दमात हेही सांगितलंत, की ही आमची खेडवळ पद्धत आहे, तुम्ही टेस्टर वापरायचा, मी करतो ते करायचं न्हाई.

मी तेच केलं. तुमचं कपाळ गार होतं. मग मी बाजूला होऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आपण काय काम करतो हे मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही. माझी आई पिंपरीत शेजारणींना सांगते की वैशाली लाइटच्या ऑफिसात आहे, आणि मग शेजारणी जास्त आलेली बिलं घेऊन येतात. विजेने माणूस मेला की तिथे जायचं, तो कसा मेला ते शोधायचं आणि कारण लिहून द्यायचं, एवढंच आपलं काम, हे ऐकल्यावर बायका बिलं घडी घालून परत नेतात. तुम्ही मात्र हे काम एका वाक्यात सांगायचात. मेलेला बोलत न्हाई आणि मालक लई बोलतो, म्हणून सरकार आपल्याला पगार देतं.

पहिल्या अपघाताला आपण भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. आत शिरण्याआधी तुम्ही हातातलं घड्याळ आणि लग्नातली अंगठी काढून माझ्या पर्समध्ये टाकलीत. अंगावर धातू नको, म्हणालात. मग हात पाठीमागे बांधून बराच वेळ नुसते उभे राहिलात, आणि तिथल्या कामगाराला पहिला प्रश्न विचारलात तो हा, की मेलेला जेवला होता का. मला वाटलं तुम्हाला दया आली. नंतर जीपमध्ये कळलं की डबा उघडलेला नव्हता म्हणजे जेवणाच्या सुट्टीतही त्याला कामाला लावलं होतं, आणि मालक सांगत होता ती वेळ खोटी होती. त्या दिवशी तुमची अंगठी माझ्या पर्समध्येच राहिली. संध्याकाळी काकूंचा फोन आला, "आमच्या साहेबांची अंगठी तुमच्याकडं हाय म्हणत्यात. कुठल्या नात्यानं ते तेवढं सांगा." मी घाबरून फोन आईकडे दिला. पुढे कितीतरी दिवस काकू मला त्यावरून चिडवत होत्या.

कंपनीच्या मोठ्या गेटवर थांबायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. तिथे नाव लिहून घेतात, पास करतात, साहेब येतायत बसा म्हणतात आणि चहा देतात. तो चहा पिऊन होईपर्यंत आत सगळं जागच्या जागी लागतं. त्यापेक्षा कँटीनचा कचरा जातो त्या दाराने शिरायचं.

चाकणच्या त्या शेडला मात्र कँटीनच नव्हतं, आणि मागचं दारही नव्हतं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे, साहेब. तरी लिहिते, कारण आपण दोघं याबद्दल एकदाही शेवटपर्यंत बोललो नाही. संतोष नावाचा कंत्राटी वायरमन, लातूरकडचा, राहायला चऱ्होलीत. सकाळी लाइन बंद करून घेऊन तो त्या शेडसमोरच्या खांबावर चढला आणि बंद असलेल्या तारेने मेला. बंद तार जिवंत झाली ती कुठूनतरी उलटा पुरवठा आला म्हणून, हे मला नवशिकीलाही समजत होतं. वीज गेली की शेडमधला जनरेटर सुरू होतो. त्याची वीज बाहेरच्या तारेत जाऊ नये म्हणून मध्ये चेंजओव्हरचा खटका असावा लागतो. तो नसेल, तर आतला पंखा फिरतो आणि बाहेरचा माणूस मरतो.

आपण दुपारी पोचलो. गेटवर वीस मिनिटं थांबवलं. तुम्ही घड्याळ माझ्याकडे दिलेलं होतं, म्हणून मला विचारलंत, किती झाली. मी म्हटलं, वीस मिनिटं झाली. "वीस मिनिटं लई असत्यात मॅडम," एवढंच म्हणालात.

आत जनरेटरशेजारी चेंजओव्हरची पेटी होती. करड्या रंगाची, व्यवस्थित बसवलेली. तुम्ही सवयीने पेटीच्या दाराला उलटा हात लावलात आणि चटकन मागे घेतलात. मला वाटलं शॉक बसला. मग मला तुमच्या बोटांच्या मागे, सांध्यांवर, करडा रंग दिसला. ओला. तुम्ही रुमाल काढला, हात पुसला आणि रुमाल खिशात ठेवलात. मालक म्हणाला, ही पेटी पहिल्यापासून आहे साहेब, बिल दाखवू का. तुम्ही म्हणालात, दाखवा.

परतताना मोशीच्या पुढे मी विचारलं, "साहेब, त्या पेटीचं काय लिहायचं?"

"पेटी हाय, असं लिहायचं."

"आणि रंगाचं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, "त्या वायरमननं तारा जमिनीला जोडल्या होत्या का? न्हाई. अर्थिंगचा रॉड गाडीतच पडून होता. ते लिहा. तेवढं कोर्टात टिकतं."

खरं होतं ते. संतोषने रॉड लावला नव्हता. लाइन बंद केल्यावरही तारा जमिनीला जोडायच्या असतात आणि त्याने त्या जोडल्या नव्हत्या. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीवर आपण सगळा अहवाल उभा केला. उलटा पुरवठा कुठून आला हे निश्चित करता आले नाही. अपघात मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खाली तुमची सही, त्याच्या शेजारी माझी.

तुम्हाला दोष देणं सोपं आहे, म्हणून आधी माझं सांगते. मी प्रोबेशनवर होते. आमच्या घरात सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली. बाबांनी कंपनीत पहिल्या शिफ्टला उभं राहून पाय सुजवले आणि मला डिप्लोमा करायला लावला. पहिल्या पगाराच्या दिवशी ते मला म्हणाले होते, सही करताना वाचून करत जा. मी वाचून केली, साहेब. प्रत्येक ओळ वाचली.

तुमच्या निवृत्तीला चार महिने होते. त्याच्या आधी केव्हातरी एका केसमध्ये तुम्ही अंदाजाने एक ओळ लिहिली होतीत आणि वकिलाने तुम्हाला भर कोर्टात पाणी पाजलं होतं, मालक हसत बाहेर पडला होता. ती गोष्ट तुम्ही मला दहा वेळा सांगितलीत. दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. तुमचा हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. पण साहेब, रंग वाटला नव्हता. दिसला होता. हाताला लागला होता. पेटीवर नख ओढून फोटो काढला असतात तर कुठल्या वकिलाची काय टाप होती? मी तुमच्याशी हे भांडण मनात इतक्या वेळा केलंय की तुमची उत्तरंही मला पाठ आहेत. फक्त प्रत्येक वेळी तुम्ही हरता आणि मला बरं वाटत नाही.

महिनाभराने संतोषची बायको ऑफिसात आली. ज्योती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की अहवालाची प्रत मागता येते. ती प्रत हातात धरून तिने विचारलं, "साहेब, मालकांची चूक होती म्हनून लिवलंय. खरंच का?" ती संतोषला मालक म्हणायची. मला एक क्षण वाटलं ती त्या शेडच्या मालकाबद्दल बोलतेय. तुम्ही उठलात, तिला पाणी दिलंत आणि म्हणालात, कागदावर तसं हाय ताई. तिने प्रत पिशवीत ठेवली आणि गेली. त्या दिवशी तुम्ही डबा खाल्ला नाहीत. डबा उघडलेला नाही हे बघायला तुम्हीच मला शिकवलं होतं.

मग तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. मी पायऱ्यांवर तुम्हाला गाठलं आणि म्हटलं, साहेब, ती पेटी. तुम्ही म्हणालात, "न्हाई म्हटलं ना मॅडम." एवढ्या चढ्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हतात. तेव्हापासून आपलं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं उरलं.

जाण्याच्या आठ दिवस आधी तुमचा फोन आला. "सवडीनं राजगुरुनगरला या. एक वही द्यायची हाय." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, इथे काम फार आहे. काम होतंच. पण खरं सांगू का, तुम्ही प्रत्येक अपघाताची नोंद ठेवायचात तीच ही वही, हे मला कळलं होतं आणि मला ती नको होती. तीन वर्षं झाली होती. मी कायम झाले होते, तुमच्या टेबलावर बसत होते. पुढच्या आठवड्यात तुमच्या मुलाचा फोन आला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं म्हणून. तुम्ही बोलवलं होतं आणि मी आले नाही, हे माझ्या खात्यावर राहील.

दहाव्याला भीमेच्या घाटावर मी आले होते. आमच्यात पिंड नसतो, त्यामुळे मी मागे उभी होते. कावळा शिवेना. ऊन चढत चाललं. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. भाऊ म्हणाले, बांधाचा वाद मिटवतो. बहीण म्हणाली, भाचीच्या लग्नाला कमी पडू देणार नाही. कावळे समोरच्या तारेवर बसून होते, एकही उतरला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्याला भूक न्हाई, त्याला काय कळतंय. मलाही तसंच वाटतं. तरी त्या पेटीचं खरं लिहीन, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. एवढ्या लोकांत ते बोलायचे म्हणजे तुम्हाला तुमच्या घाटावर उघडं पाडायचं होतं. मी मूग गिळून उभी राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि लोक पांगले.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. ज्योती होती.

"तुम्ही इथे कशा?" मी विचारलं.

"घरात पंख्याचा खटका जळाला म्हनून साहेबांना फोन लावला, तर त्यांच्या पोरानं उचलला." तिने पदराने तोंड पुसलं. "साहेब यायचे की आमच्याकडं. दोन-तीन महिन्याला एकदा. यायचे, बोर्ड बघायचे, सगळ्याला उलटा हात लावायचे, चहा प्यायचे अन् जायचे. मला नवल वाटायचं, एवढा मोठा मानूस आन् आपल्या खोलीत येऊन बसतोय. लई चांगला मानूस."

ज्योती पुढे सांगत राहिली.

"एकदा म्हन्ले, ताई, तुमच्या मालकाची एकट्याची चूक नव्हती. मी म्हन्लं, मंग तसं लिवून द्या. गावाकडं सासऱ्याला लोक तोंडावर म्हनत्यात, पोरगं दारू पिऊन खांबावर चढलं असंल, सरकारनंच लिवलंय त्याची चूक म्हनून. लिवून द्या म्हन्लं की साहेब कप तसाच ठिवून गेले त्या दिवशी."

ज्योती गेल्यावर मी तुमच्या घरी गेले. काकूंनी कपाटातून वही काढून दिली. जाड पुठ्ठ्याची, चाळीस वर्षांच्या अपघातांची. मी ती पिशवीत घालत होते तेव्हा म्हणाल्या, "मला वाचाया येतं वैशाली. म्या वाचलीय. ही पोराला न्हाई, तुमाला द्या, असं ते दोनदा म्हनले. मंग काय ते समजून घ्या."

वही मी राजगुरुनगरच्या स्टँडवर बाकावर बसून वाचली. त्या दिवसाच्या नोंदीत तुमच्या बारीक अक्षरात एवढंच होतं. पेटी. रंग ओला, उलट्या हाताला लागला. मॅडमनी बघितलं. तिथे त्या बोलल्या नाहीत. मीही नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी बघितलं हे तुम्ही बघितलं होतंत, आणि जीपमध्ये मी विचारलं तेव्हा तुम्ही वाट बघत होतात का, साहेब, मी अजून एकदा विचारावं म्हणून? की मी परत विचारू नये म्हणून? ते वहीत नाही. त्यापुढे पानामागून पान एकच नोंद आहे. चऱ्होली. चहा. सांगितलं नाही. चऱ्होली. चहा. सांगितलं नाही. एका ठिकाणी, अर्धं सांगितलं, लिहून मागितलं. त्याच्याखाली ओळ सोडलेली आहे. मग पुन्हा चऱ्होली, चहा.

मला तिथे तुमचा इतका राग आला की दोन एसट्या समोरून गेल्या आणि मी उठले नाही. चाकणच्या टपरीवर स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी तोडून देणारा, पावसात माझ्या डोक्यावर फाइल धरणारा, माझ्या पहिल्या अहवालातल्या सतरा चुका लाल शाईने न दाखवता पेन्सिलीने दाखवणारा माणूस हाच. आणि तीन वर्षं एका विधवेच्या घरी जाऊन चहा पिऊन परत येणाराही हाच. मला दोघांचीही आठवण येते. एकाची आली की दुसरा मागून येतोच.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मी पुन्हा चौकशी व्हावी म्हणून अर्ज केला. त्याला तुमच्या वहीतलं पान जोडलं. सध्याच्या साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. तिथे आता पेटी वाळून खडखडीत झाली आहे, काही सिद्ध होणार नाही. म्हणाले, शेळक्यांचं, म्हणजे तुमचं नाव मेल्यावर खराब होईल आणि माझं जिवंतपणी. मी म्हटलं, सिद्ध काय व्हायचं ते होईल, पण जे दिसलं होतं आणि लिहिलं नाही ते आता लिहिलंय. त्यांनी अर्ज आवक करून घेतला आणि मला खुलासा मागणारी नोटीस दिली. ती बरोबरच आहे. खुलासा मी देईन.

काल शनिवारी अर्जाची प्रत घेऊन चऱ्होलीला गेले. चारी बाजूंनी इमारती उठल्यात, ज्योतीची खोली सापडायला वेळ लागला. तिने चहा टाकला. म्हणाली, वाचून दाखवा, सरकारी मराठी मला उमगत न्हाई. मी वाचलं. शेडमधील चेंजओव्हर पेटीचा रंग तपासणीच्या वेळी ओला होता, ही बाब तपास अधिकारी श्री. शेळके व मी, दोघांनीही प्रत्यक्ष पाहिली, परंतु अहवालात नोंदवली नाही. सबब अपघातास मृत व्यक्ती एकटी जबाबदार होती हा आमचा निष्कर्ष टिकणारा नाही.

ज्योतीने ते ऐकलं. गॅस बंद केला.

"म्हंजी साहेब चहाला येत नव्हते," ती म्हणाली.

तिने मला चहा दिला नाही आणि मी मागितला नाही. तिने तुम्हाला माफ केलं की नाही हे मला सांगता येत नाही, साहेब. दिसलं तेवढं सांगते. तिने फोन उचलला, सासऱ्यांना लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन माझ्यासमोर चटईवर ठेवला. "मामा, ऐका. मॅडम वाचायल्यात. मधी बोलू नका."

मी वाचलं. पलीकडे शेरडांचा आवाज येत होता. वाचून झाल्यावर म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"जरा थांबा," तो म्हणाला. कुणाकुणाला हाका मारल्या. माणसं गोळा झाल्याचं ऐकू आलं, कुणीतरी खोकलं, खाट सरकली. "हां. आता मोठ्यानं वाचा. समद्यायला ऐकू गेलं पायजे."

मी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. तिन्ही वेळा तुमचं नाव आलं, साहेब. मी ते गाळलं नाही.